रक्तगट शोधणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर

डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. वडील वर्तमानपत्राचे संपादक होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. मग आईनेच त्यांना वाढवलं. आईवर त्यांचा फार जीव होता. ती वारल्यावर तिच्या चेहऱ्याचा ठसा त्यांनी भिंतीवर टांगला, तो स्वतः मरेपर्यंत काढला नाही.

१८९१ साली ते डॉक्टर झाले. पण दवाखाना न काढता ते प्रयोगशाळेत काम करू लागले. त्या काळी एका माणसाचं रक्त दुसऱ्याला दिलं तर कधी माणूस वाचे, कधी तडफडून मरे. असं का होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. १९०० साली लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सोबत्यांचं रक्त काढून एकमेकांत मिसळून पाहिलं. काही रक्त नीट मिसळलं. काही रक्ताच्या मात्र दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या झाल्या. १९०१ साली त्यांनी रक्ताचे तीन गट सांगितले. त्यांनाच आज आपण ए, बी आणि ओ म्हणतो. चौथा एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सोबत्यांना सापडला.

आमच्याकडे बकऱ्यांच्या शिंगांना ज्याचा त्याचा रंग लावतात, म्हणजे चरायला सोडल्या तरी ओळखू येतात. तशाच आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. परकी खूण दिसली की तिला धरणारे पहारेकरी रक्तात असतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात.

आता मी ही माहिती का काढली ते सांगतो. माझ्या आतेभावाला थॅलेसेमिया आहे. त्याला दर तीन आठवड्यांनी पनवेलला नेऊन रक्त चढवावं लागतं. त्याचा गट बी पॉझिटिव्ह. मागच्या पावसाळ्यात त्याच गटाच्या चार पिशव्या तपासल्या, पण एकही जुळेना. आत्या तिथेच पायरीवर बसून रडली. मीपण होतो. गट एकच, तरी रक्त का जुळत नाही, हे मला कळेना. शाळेत बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या की लँडस्टायनर वाच.

लँडस्टायनर यांनाही वाटत होतं की खुणा आणखी असणार. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायचे वांधे झाले, म्हणून ते आधी हॉलंडला आणि मग अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथे १९२७ साली त्यांनी आणि डॉ. फिलिप लेव्हिन यांनी माणसाचं रक्त सशांना टोचलं. सशांच्या रक्तात पहारेकरी तयार झाले. त्यांच्या मदतीने एम, एन आणि पी या नव्या खुणा सापडल्या. हे झाले लहान रक्तगट. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते मात्र ए, बी, ओ गटांसाठी. १९४० साली डॉ. वीनर यांच्याबरोबर त्यांनी आरएच गट शोधला. आपण पॉझिटिव्ह निगेटिव्ह म्हणतो ते यावरूनच.

जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत हातात काचेची नळी असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, ते वारले.

त्यांच्यानंतरही शोध चालूच राहिला. एक तर आपल्या मुंबईतच लागला! १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सोबत्यांना तीन माणसं अशी सापडली की त्यांना ओ गटाचंही रक्त चालेना. ए आणि बी या खुणा एच नावाच्या खुणेवर उभ्या राहतात, जशी जोत्यावर भिंत. या माणसांत जोतंच नव्हतं. त्या गटाला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. शहराचं नाव बदललं तरी गटाचं तेच राहिलं. साध्या तपासणीत हा गट ओसारखाच दिसतो, म्हणून धोका जास्त.

आज रक्तगटांच्या चाळीसहून जास्त पद्धती माहीत आहेत. पुष्कळांना रोग्यांचीच नावं दिली आहेत. माझ्या आतेभावाला पुन्हापुन्हा दुसऱ्यांचं रक्त मिळालं, त्यामुळे त्याच्या अंगात किड नावाच्या गटातल्या एका खुणेविरुद्ध पहारेकरी तयार झाले आहेत. मला आधी वाटलं रक्तात कीड पडली! पण किड हे एका बाईंचं आडनाव आहे. ती खूण बऱ्याच लोकांच्या रक्तात असते, म्हणून पिशवी लवकर जुळत नव्हती. त्या दिवशी सातवी पिशवी जुळली, तेव्हा रात्र झाली होती.

आता त्याच्या फायलीवर लाल शाईने ते लिहून ठेवलं आहे. आत्या आठ दिवस आधीच फोन करून सांगते, मग तसं रक्त शोधून ठेवतात. पुढची पाळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आहे.