सलीम अली : पक्ष्यांच्या नोंदी आणि जंगलाचा कारभार

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी, १९३१ मध्ये, संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. पाहणी करणारा पस्तिशीतला माणूस तेव्हा बेकार होता. त्याने मेहनताना मागितला नाही. मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च संस्थानाने उचलावा, एवढीच त्याची अट होती. कोणता पक्षी कुठे दिसतो, काय खातो, केव्हा घरटे करतो, याची माहिती त्याने गोळा केली. ती १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हा माणूस म्हणजे सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी ओळखता येईना, म्हणून हा मुलगा सोसायटीच्या कचेरीत गेला. सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय संग्रहातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. तिथून ओढ लागली ती कायमची. पुढे ते घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले, परतले, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. पण विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणात जागा मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेझमन यांच्याकडे शिकून आले, तोवर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती.

मग मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे त्यांनी सुगरणीची वसाहत न्याहाळली. नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पारखते, पसंत पडला तर राहते; मग नर दुसरा खोपा बांधून दुसरी मादी मिळवतो. मेलेल्या पक्ष्याची मापे घेण्यापेक्षा जिवंत पक्षी कसा जगतो हे पाहणे महत्त्वाचे, ही त्यांची दृष्टी इथे पक्की झाली. १९३६ मध्ये त्यांनी शेती आणि पक्ष्यांच्या संबंधांवर लेख लिहिला. पिकाचे नुकसान कोण करतो आणि कीड कोण खातो, हे ठाऊक नसताना पक्षी मारणे किंवा जपणे, दोन्ही अंदाजाचेच काम होते.

अभ्यास कपाटात राहू नये यासाठी ते झटत राहिले. १९४१ चे त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती पडेल असे होते. डिलन रिप्ली यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ अभ्यासकांसाठी. पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले, त्यामागे आरोग्याचा प्रश्न होता. कर्नाटकात १९५७ मध्ये आढळलेला क्यासनूर जंगल ताप गोचिडीतून पसरतो. स्थलांतर करणारे पक्षी अशा गोचिडी वाहून आणतात का, हे पाहायचे होते.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड धडा मात्र राजस्थानातल्या भरतपूरचा. संस्थानी शिकारीचे हे पाणथळ स्वातंत्र्यानंतर शेतीसाठी मागितले जाऊ लागले. ते वाचवण्यासाठी सलीम अलींनी थेट वरपर्यंत शब्द टाकला आणि पक्ष्यांसाठी ते राखले गेले. पण राखायचे म्हणजे काय करायचे? पाणी अजान बांधातून सोडावे लागे, आणि आसपासच्या गावांची गुरे-म्हशी आत चरत. म्हशींची चराई पक्ष्यांना मारक आहे, असे सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली.

याच भरतपुरात सोसायटीचा दीर्घ अभ्यास १९८० पासून चालू होता. पाणी, गवत, मासे, पक्षी अशी सगळी मोजदाद होत होती. बंदीनंतर एक पाणगवत बेसुमार वाढले. म्हशी ते खाऊन मोकळे पाणी राखत होत्या. त्या गेल्यावर पाणी गवताने भरले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. १९९१ च्या अहवालात हे आकड्यांसह आले. ते वाचायला सलीम अली नव्हते; जून १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. त्यांच्याच संस्थेने, त्यांनीच रुजवलेल्या सवयीने, त्यांचे मत खोडून काढले. सल्ला दिल्यानंतरही मोजत राहायचे, आणि जे निघेल ते कारभार पाहणाऱ्याला सांगायचे, ही ती सवय.

भरतपूरचा प्रश्न बीडलाही लागू पडतो. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. गंमत अशी, की राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अलींचा आग्रह माळढोकासाठी होता. त्याच्याकडे लक्ष जावे, तो वाचावा म्हणून. मान मोराला मिळाला. मोर दाणेही खातो, किडेही आणि सापाची पिल्लेही. त्यामुळे तो शेतकऱ्याचा मित्र की शत्रू, याचे उत्तर गावागावात, हंगामाहंगामात बदलते. अशा डोंगराळ, कमी पावसाच्या भागात शेळ्या कुठे चरू द्यायच्या, गवत कधी कापू द्यायचे, उन्हाळ्यात पाणवठे कुठे भरायचे, हे वनरक्षकाला रोज ठरवावे लागते. त्याच्या हाती भरतपूरचा आयता नियम देऊन भागणार नाही. तिथे म्हशी उपयोगी ठरल्या म्हणून इथे शेळ्या ठरतीलच असे नाही. चराईआधी गवत किती, मोर किती, चराईनंतर किती, हे नायगावातच मोजावे लागेल, आणि तो आकडा वनरक्षकाला व गुराख्याला, दोघांना कळेल अशा भाषेत सांगावा लागेल.