पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, बायबलच्या मराठी अनुवादक आणि केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. स्त्रीशिक्षण व विधवांचे पुनर्वसन या क्षेत्रांतील त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. ठरलेले उत्पन्न, राखीव निधी किंवा बँकेतील शिल्लक यांपैकी काहीही नसताना केवळ ईश्वरावर भरवसा ठेवून हजारावर निराश्रितांचा संसार त्यांनी चालविला. ही बाजू त्यामानाने कमी चर्चिली जाते.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा रूढ संकेत मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. पुढे आईने मुलीला शिकविले. अनंतशास्त्रींच्या आश्रमात विद्यार्थी व यात्रेकरू यांची सतत वर्दळ असे. त्यांच्या अन्नदानातच त्यांची मिळकत संपली. रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. वेताच्या पेटीत ठेवून गड्याच्या डोक्यावरून त्यांचा हा प्रवास सुरू झाला.

देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगावे, श्रोते देतील ती दक्षिणा घ्यावी आणि पोटापुरते ठेवून उरलेले दानधर्मात व देवकार्यात खर्चावे, असा त्या घराचा रिवाज होता. साठवणे त्यांना ठाऊक नव्हते, व्यापार किंवा नोकरी त्यांना वर्ज्य होती. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणा आटली. अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडी गेली, उंची वस्त्रे गेली. देवतांना प्रसन्न करण्यासाठी शेवटचे पैसेही अनुष्ठानांत गेले आणि अखेर झाडपाला खाण्याची पाळी आली. वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक मृत्यू पावली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

रमाबाईंच्या पुढील आर्थिक वर्तनाचा विचार करताना हा अनुभव नजरेआड करून चालत नाही. सर्वस्व देवाला देऊनही माणसे उपाशी मरतात, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. त्यामुळे त्यांची नंतरची श्रद्धा अजाण म्हणता येत नाही.

कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढल्याच वर्षी पतीचे पटकीने निधन झाले. १८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

शारदा सदन व बोस्टनची हमी

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला (१८८७). व्याख्याने देत त्यांनी तो देश पिंजून काढला. त्यांच्या कार्यासाठी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने विधवाश्रमाचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई (गोदूबाई) या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

या पैशाबरोबर एक अट होती. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत, दार उघडे ठेवून, बायबल वाचीत व प्रार्थना करीत. काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासघात झाला ही टीकाकारांची भावना अगदीच निराधार नव्हती. दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते, हेही तितकेच खरे.

हमीशिवाय

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न होताच. त्यावरील उपाय म्हणून केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तेथे फळझाडे लावण्यात आली. झाडे फळांना आली की सदन स्वतःच्या उत्पन्नावर चालावे, असा हिशेब होता. याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशन व जॉन पेटन यांचे वृत्तांत वाचले. म्युलर यांनी कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. भारतात असे का होऊ नये, असे रमाबाईंना वाटू लागले. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी पंधराचा वर्ग, म्हणजे २२५ जणी आपल्याला मिळाव्यात, अशी प्रार्थना केली.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणीची भूक आठवून रमाबाई तिकडे गेल्या. अमेरिकेचा निधी पन्नासेक मुलींना जेमतेम पुरेल एवढाच असताना त्यांनी तीनशे मुली वाचविण्याचा संकल्प केला. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने मुलींना केडगावच्या मळ्यावर आणून प्रथम झोपड्यांत व तंबूंत ठेवावे लागले. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदन ही वास्तू अर्पण करण्यात आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतील शेकडो मुलींची भर पडली व आश्रमाची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. उपासमारीने खंगलेल्या अनेक मुली येथे आल्यावरही वाचल्या नाहीत.

एवढ्या माणसांच्या रोजच्या धान्यासाठी कोणत्याही संस्थेची वार्षिक हमी नव्हती. १९०७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी आपल्याजवळ दिवसाच्या गरजेपलीकडे पैसा नाही, बँकेत खाते नाही, कायम निधी नाही, असे नमूद केले आहे. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही. त्या आत्मनिवेदनाच्या शीर्षकात त्यांनी ईश्वराला कधी न सरणारा ठेवा म्हटले आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांत उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश, देवाला देण्याची रीत जुन्या करारातून आली आहे. दशांशात उरलेले नऊ भाग घरधन्याचे राहतात. रमाबाईंकडे असे नऊ भाग उरतच नव्हते. त्यांच्या ग्रंथांचे उत्पन्नही कार्यातच गेले. मात्र त्या हात जोडून बसल्या, असे समजणे चूक ठरेल. विहिरी खणल्या गेल्या. शेती, गुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा व छापखाना मुलींच्या हातांनी चालला. मुक्तीचे वृत्तपत्रक परदेशातील स्नेह्यांकडे जाई आणि त्यातून गरजा कळत. म्युलर यांच्या न मागण्याच्या नियमापेक्षा ही रीत थोडी वेगळी होती.

वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा या भागांत काम करणाऱ्या अलायन्स मिशनशीही त्यांचा स्नेह होता. त्या मिशनच्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकास (१९००) रमाबाईंची प्रस्तावना आहे. पुढे १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मिशनचा पगार सोडला, तेव्हा मराठी ख्रिस्ती समाजापुढे केडगावचे उदाहरण होतेच.

अखेरची वर्षे

विसाव्या शतकाच्या आरंभापासून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. त्याची जुळणी व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. ज्या मनोरमेवर पुढचा भार सोपवावयाचा होता, ती जुलै १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराश्रित स्त्रिया व मुलांसाठी काम करीत आहे.