तुटलेल्या निरोपांचा हिशेब मांडणारा जिम ग्रे

शहाडहून लोकल पकडून कल्याणच्या आरक्षण खिडकीवर पहाटेपासून रांग लावलेल्या प्रवाशाचा नंबर अखेर लागतो. लिपिक अर्जावरची नावे भरतो, कळ दाबतो आणि नेमकी त्याच क्षणी 'लिंक' जाते. खिडकीवर पाटी लागते, रांगेत चुळबुळ सुरू होते. प्रवाशाला भेडसावणारा प्रश्न मात्र निराळाच असतो. मुंबईच्या मुख्य संगणकाने त्याची मागणी ऐकली असेल, तर बर्थ राखला गेला, पण तिकीट छापले गेले नाही. ऐकली नसेल, तर तो बर्थ दुसऱ्याच्या नावे जाणार. लिंक परतल्यावर लिपिकाने पुन्हा कळ दाबली, तर एकाच माणसाच्या नावे दोन बर्थ! १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच आरक्षण केंद्रे एकमेकांशी जोडली गेल्यानंतर तर अशा निरोपांचे अंतर हजारो किलोमीटरवर गेले.

निरोप हरवू नये आणि दोनदाही पाळला जाऊ नये, या दुहेरी अटीचे शास्त्र ज्यांनी घडवले, त्यांत जेम्स निकोलस ग्रे ऊर्फ जिम ग्रे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १२ जानेवारी १९४४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा जन्म झाला. वडील लष्करात, आई शिक्षिका. बालपणाची पहिली वर्षे रोममध्ये गेली. पुढे आई-वडील विभक्त झाले आणि आईसोबत ते सॅन फ्रान्सिस्कोला परतले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाची पहिली डॉक्टरेट १९६९ मध्ये त्यांना मिळाली.

त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती आयबीएममध्ये. सत्तरच्या दशकात बँका आणि विमान कंपन्यांचा कारभार मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांवर चढला होता आणि दूरवरच्या शाखांतील टर्मिनल्स टेलिफोनच्या तारांनी त्यांना जोडली जात होती. टर्मिनल आणि मेनफ्रेम यांच्यातील संवादाच्या एका सलग बैठकीला 'सेशन' म्हणतात. १९७४ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चरमध्ये सेशनमधील निरोपांना अनुक्रमांक देण्याची सोय होती. तुटलेले सेशन पुन्हा सुरू करताना दोन्ही टोके आपापले शेवटचे क्रमांक ताडून पाहू शकत. एका बाजूने ४१ क्रमांकापर्यंत पाठवले आणि दुसरीकडे ४० पर्यंतच पोचले असेल, तर ४१ वा निरोप पुन्हा धाडायचा. तो आधीच पोचला असेल, तर नुसते पुढे चालायचे.

वाचायला हे सोपे वाटते. पण वीज गेल्यावर मेनफ्रेमची स्मृतीच कोरी झाली, तर क्रमांक आठवणार कोण? ग्रे यांचे महत्त्व येथे आहे. निरोपाला त्यांनी तारेवरून जाणारा सुटा मजकूर मानले नाही, तर तो व्यवहाराचाच, ट्रान्झॅक्शनचाच, भाग मानला. आलेला निरोप, त्यामुळे खात्यात झालेला बदल आणि जायचे असलेले उत्तर या तिन्हींची नोंद आधी एका टिकाऊ रोजनाम्यात करायची. ती नोंद पक्की होईपर्यंत उत्तर बाहेर सोडायचे नाही. यंत्र मध्येच कोसळले, तर उठल्यावर त्याने प्रथम रोजनामा वाचावा. अर्धवट व्यवहार पुसावेत, पुरे झालेले पुन्हा उभे करावेत आणि ज्यांची पोच आलेली नाही अशी प्रलंबित उत्तरे पुन्हा पाठवावीत. दुकानाचा जुना मुनीम आधी वही लिहून मगच गल्ल्याला हात लावी, त्यातलाच हा प्रकार!

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रदीर्घ टिपणांत हा विचार सविस्तर आला आहे. एटीएममधून बाहेर पडलेली नोट किंवा छापून हाती दिलेले तिकीट संगणकाला मागे घेता येत नाही, म्हणून अशी कृती सर्वांत शेवटी करावी, याचीही जाण त्यांच्या लेखनात होती.

१९८० मध्ये ते टँडेम कंपनीत गेले. बंद न पडणारे संगणक बनवणे हाच तिचा व्यवसाय होता. संगणक का बंद पडतात, याची त्यांनी तेथे केलेली पाहणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती अनेकांना अनपेक्षित वाटली. यंत्रातील बिघाडांचा वाटा अवघा १८ टक्के होता, सॉफ्टवेअरचा २५, तर यंत्र हाताळणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांच्या चुकांचा ४२ टक्के. १९९० नंतर डिजिटल इक्विपमेंट आणि १९९५ पासून मायक्रोसॉफ्ट असा त्यांचा प्रवास झाला. १९९८ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्यात ते खगोलशास्त्रज्ञांसोबत रमले आणि आकाशाचा नकाशा सर्वांना खुला करणारे स्कायसर्व्हर त्यांनी उभारून दिले.

२८ जानेवारी २००७, रविवार. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी 'टेनेशस' ही आपली शिडाची नौका घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांकडे एकटेच निघाले. हवा स्वच्छ होती. संध्याकाळी ते परतले नाहीत. संकटात सापडल्याचा कोणताही संदेश तटरक्षक दलाला मिळाला नव्हता. विमाने आणि हेलिकॉप्टरे घेऊन काही दिवस शोध चालला, तो थांबला तेव्हा त्यांचे मित्र पुढे सरसावले. उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या छायाचित्रांचे असंख्य तुकडे इंटरनेटवर ठेवण्यात आले आणि सुमारे १२ हजार स्वयंसेवकांनी ते डोळ्यांखालून घातले. समुद्राचा तळही यंत्रांनी धुंडाळला गेला. ३१ मे २००७ रोजी तोही शोध संपला. नौकेची एक फळीसुद्धा सापडली नाही.

३१ मे २००८ रोजी बर्कले येथे त्यांच्या स्मरणार्थ सभा भरली, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते बेपत्ताच होते. न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले ते २०१२ मध्ये, पाच वर्षे वाट पाहून.