नवस आणि नवसफेड : चिमाजीअप्पांची वज्रेश्वरी

शारदीय नवरात्रात ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील असंख्य कुटुंबे भिवंडी तालुक्यातील श्रीवज्रेश्वरीच्या दर्शनास जातात. बावन्न पायऱ्या चढून जगदंबेची ओटी भरतात. त्या पायऱ्या चढताना ज्या पुरुषाचे कृतज्ञ स्मरण व्हावे, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

चिमाजीअप्पा हे बाळाजी विश्वनाथांचे धाकटे पुत्र व थोरल्या बाजीरावांचे बंधू. प्रकृती नाजूक, परंतु निश्चय वज्राचा. १७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी माळव्याचा मार्ग मोकळा केला. १७३० साली पुत्र सदाशिवराव जन्मास आला आणि अल्पावधीतच पत्नी रखमाबाई निवर्तल्या. हे दुःख उरी धरून अप्पा कर्तव्यास उभे राहिले.

साष्टी व वसई प्रांतावर पोर्तुगीजांचा अंमल बसून तेव्हा दोन शतके झाली होती. देवालये भंगली होती, धर्मकृत्ये चोरून करावी लागत. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वर्षानुवर्षे पुण्यास गाऱ्हाणे घातले. अखेर मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला. पुढे त्याच किल्ल्यात कारागृह झाले. वसई मात्र दोन वर्षे दाद देईना. तेव्हा अप्पांनी देवीस नवस केला की, वसई हाती आल्यास तुझे देवालय बांधीन, अशी परंपरा आहे.

नवस म्हणजे देवाशी केलेला व्यवहार, अशी शंका पुष्कळांना येते. आम्हांस तसे वाटत नाही. नवस बोलून अप्पा स्वस्थ बसले नाहीत. सुरुंग लावले, तट फोडले, हजारो माणसे कामी आली. प्रयत्नांची शर्थ करून फळ देवीच्या पायी ठेवणे, हाच खरा विश्वास होय. मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

परंतु भक्ताची कसोटी मागताना नव्हे, मिळाल्यानंतर लागते. यशाने अप्पा उन्मत्त झाले नाहीत. पराजितांना कुटुंबे व चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ दिले. मागे राहिलेल्यांस त्यांचा धर्म पाळण्याची मुभा दिली. ज्या जाचाविरुद्ध शस्त्र धरले, तोच जाच दुसऱ्यांस केला नाही. देवीचे देवालय उभारण्याची आज्ञा त्यांनी वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांस दिली.

या विजयानंतर अप्पांना आयुष्य किती उरले होते? एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि १७ डिसेंबर १७४० रोजी अप्पांनीही देह ठेवला. अवघे दीड वर्ष! सवडीने पाहू म्हणून नवस लांबणीवर टाकला असता, तर ऋण माथ्यावर घेऊनच जावे लागले असते.

वाचकहो, संकटात देव आठवतो. सुखात त्याचे देणे आठवावे, आणि ते आजच फेडावे. यंदा ओटी भरताना नवे काही मागण्याआधी, मिळालेल्याचे स्मरण करूया.

श्रीवज्रेश्वरीचरणार्पणमस्तु.