मुलांच्या धर्मशिक्षणाला मायबोली देणारे फादर स्टीफन्स

ठाण्याच्या खाडीकाठी वसलेले कोलशेत हे साष्टी बेटाच्या ईशान्य कडेवरचे जुने गाव. सोळाव्या शतकात ठाण्याचा हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. गोव्यातही मडगावच्या परिसराला साष्टी हेच नाव आहे. दोन्हीकडे ते सहासष्ट गावांवरून पडले असे मानले जाते. या दोन्ही साष्टींत पोर्तुगीज सत्तेबरोबर मिशनरी आले आणि दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतील मुलांना धर्म शिकवायचा, तो कोणत्या भाषेत? या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर गोव्याच्या साष्टीतून मिळाले. ते देणारे धर्मगुरू जन्माने इंग्रज होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘ख्रिस्तपुराण’कर्ते म्हणून मान्यता पावलेले फादर थॉमस स्टीफन्स ते हेच.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्यांचे वडील लंडनचे व्यापारी होते. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिकांना स्वदेशात राहणे कठीण झाले होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि सहा महिन्यांहून अधिक काळाच्या सागरी प्रवासानंतर २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यात उतरले. हिंदुस्थानात स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टीतच काढली.

ते आले तेव्हा साष्टीतील जखमा ताज्या होत्या. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडण्यात आली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करून धर्मशिक्षण द्यावे, असा कायदा १५५९ मध्येच झाला होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रोष उफाळला आणि पाच येशूसंघीय मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून ठार करण्यात आले. मृत सहकाऱ्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांचा अंत्यविधी करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. अशा भयाच्या वातावरणात ज्यांच्या हाती धर्मशिक्षण सोपवले होते, त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक तर मुलांकडून परकी प्रार्थना घोकून घ्यायच्या, नाही तर त्यांच्या घरात जी भाषा बोलली जाते ती आधी स्वतः शिकायची. स्टीफन्स यांनी दुसरा मार्ग धरला.

त्यांनी कोकणी बोली आत्मसात केली आणि मराठी ग्रंथभाषेचा कसून अभ्यास केला. पोर्तुगालमध्ये मुलांसाठी रचलेल्या मार्कुश जॉर्ज यांच्या प्रश्नोत्तरावलीच्या आधारे त्यांनी कोकणीत ‘दौत्रिना क्रिस्तां’ हे पुस्तक सिद्ध केले. गुरुशिष्यांच्या संवादातून धर्माची मूलतत्त्वे मुलांच्या गळी उतरवावीत, असा त्याचा घाट आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या कीर्तीचा आधार असलेले ‘ख्रिस्तपुराण’ही मुलांच्या धर्मवर्गाशी जोडलेले आहे. ग्रंथाच्या आरंभीची योजना अशी की, साष्टीतील देवळात पाद्री मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत असताना एक ब्राह्मण तेथे येतो आणि शंका विचारतो. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, मग त्यांच्या जागी आम्हांला काय देणार, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. प्रश्न मार्मिक होता. प्रार्थना पाठ करून घेता येतात, पण माणसाच्या मनाला कथा लागते. ज्यांच्या घरातून रामाच्या आणि कृष्णाच्या कथा काढून घेतल्या, त्यांच्या पदरात कोरडी प्रश्नोत्तरे टाकून भागणार नव्हते. या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण उभे राहिले. विश्वाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा त्यांनी ओवी छंदात गुंफली. स्वर्गासाठी वैकुंठ, बाप्तिस्म्यासाठी ज्ञानस्नान असे परिचित शब्द योजले. मराठीचे त्यांनी केलेले गौरवगान तर प्रत्येक मराठी वाचकाच्या कानावर आलेले आहे.

हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला, तो रोमन लिपीत. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखवली आणि सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागत असल्याची अडचणही मांडली. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले.

पुढे काळ फिरला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी, असा हुकूम काढला. ज्या मायबोलीतून धर्म रुजवला, तिच्यावरच सत्ता उलटली. तथापि पुराण मरण पावले नाही. हस्तलिखितांतून ते जिवंत राहिले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. पुढे १९५६ मध्ये पुण्याहून ते देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाले.

स्टीफन्स यांच्या कार्याचे मोल करताना त्यांच्यामागे उभी असलेली दंडशक्ती विसरता येत नाही. ज्या राज्यात जुनी पुराणे बंद झाली, त्याच राज्यात नवे पुराण जन्मले. शिकणाऱ्या मुलांना वा त्यांच्या पालकांना निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. भारतीय राज्यघटनेने ही उणीव ओळखली. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांत अल्पवयीन विद्यार्थ्याला ते द्यायचे, तर पालकाची संमती लागते. आज कोलशेतच्या मुलांना मिळालेले हे संरक्षण चारशे वर्षांपूर्वी दोन्ही साष्टींतील मुलांना नव्हते. मात्र लहान मुलाला गहन गोष्ट सांगायची, तर त्याच्या आईच्या भाषेत आणि कथेच्या रूपाने सांगावी, हा या इंग्रज धर्मगुरूने घालून दिलेला धडा कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला मार्गदर्शक ठरेल असाच आहे.