डॉ. कमला सोहोनी आणि पेशीतील एक प्रथिन

विश्रांतवाडीतील आपल्या वसतिगृहाच्या मुली आज निःसंकोचपणे प्रयोगशाळेत उभ्या राहतात. त्यांच्यासाठी हे चरित्र लिहीत आहे.

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण म्हणजे बौद्ध विधिशास्त्राच्या अभ्यासक, लेखिका दुर्गा भागवत. घरी विद्या होती, जातीची आडकाठी नव्हती. तरीही १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाताई परत फिरल्या नाहीत. त्या थेट रामन यांच्यासमोर गेल्या आणि कारण विचारले. अखेर वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. नोबेल पारितोषिकाने माणसाची दृष्टी व्यापक होतेच असे नाही, हे इतिहासाच्या शिक्षकाने नोंदवलेच पाहिजे. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. त्यानंतर त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे छोटे प्रथिन. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या प्रथिनाची पुढची कथा विलक्षण आहे. जिवाणूपासून माणसापर्यंत प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाची यंत्रणा जनुकाचा संदेश वाचून अमिनो आम्ले ओळीने जोडते व प्रथिन घडवते. ती ओळ वाचता येऊ लागली, तेव्हा १९६७ मध्ये फिच व मार्गोलियाश यांनी वीस सजीवांच्या सायटोक्रोम-सीची संगणकाने तुलना करून त्यांची वंशावळ मांडली. माणूस व चिंपांझी यांच्यातील १०४ अमिनो आम्लांची ओळ तंतोतंत सारखी आहे; मग जन्मावरून उच्चनीच ठरवणाऱ्यांनी कोणती ओळ वाचली होती, कोण जाणे! १९७८ मध्ये श्वार्ट्झ व मार्गारेट डेहॉफ यांनी सायटोक्रोमांसोबत रायबोसोममधील आरएनएच्या ओळीही ताडून पाहिल्या आणि आपल्या पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणूंमध्ये दाखवले.

कमलाताई मात्र मायदेशी परतून पोषणाच्या प्रश्नाकडे वळल्या होत्या. विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुलांना नीरेचा लाभ होतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.