हँडलचा जाच संपवणारा माणूस : चार्ल्स केटरिंग

आज किल्ली फिरवली की मोटार सुरू होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र कडाक्याच्या थंडीत गार पडलेले इंजिन सुरू करणे हे अंगमेहनतीचे आणि धोक्याचे काम होते. थंडीने इंजिनातील तेल घट्ट होते आणि दट्ट्या जड चालतो. कार्बोरेटरमधून आलेल्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते गार नळीच्या भिंतींना चिकटून राहते आणि ठिणगीपर्यंत पोचणारे मिश्रण विरळ पडते. त्यावर उपाय म्हणून चालक चोक ओढून हवा कमी करी, तरफेने ठिणगीची वेळ मागे घेई आणि मग गाडीसमोर उभा राहून लोखंडी हँडल फिरवी. ठिणगी मागे घ्यायचे विसरले, तर दट्ट्या वर पोचण्याआधीच मिश्रण पेट घेई आणि हँडल उलटे फिरून मनगट किंवा हात मोडे. या जाचातून जगाची सुटका करणाऱ्या अभियंत्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिलजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. वाचन वाढले की डोके असह्य दुखे. शाळामास्तर म्हणून काही काळ काम केल्यावर त्यांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या तुकडीत त्यांनी मजुरी केली. खांब रोवताना आणि तारा जोडताना विजेचे व्यवहारज्ञान हाती आले आणि शिकण्याची उमेदही परतली. सोबत्यांकडून पुस्तके वाचून घेत त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठातून १९०४ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

पहिली नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. दुकानातील गल्ल्याचे यंत्र हाताने न फिरवता विजेवर चालावे, यासाठी त्यांनी एक छोटी मोटर तयार केली. या कामातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली. जी मोटर दिवसभर चालायची नसते, तिच्याकडून काही क्षणांपुरते तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त काम घेता येते. पुढच्या मोठ्या शोधाचे बीज या गल्ल्यात होते.

एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात केटरिंग आणि त्यांचे मित्र नोकरीतून उरलेल्या वेळात मोटारींवर प्रयोग करू लागले. १९०९ साली त्यातूनच डेल्को ही कंपनी उभी राहिली. बॅटरी, कॉइल, कंडेन्सर आणि उघडझाप करणारे पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची त्यांची पद्धत कॅडिलॅक कंपनीने स्वीकारली. पुढे अनेक दशके जगभरच्या पेट्रोल मोटारी याच तत्त्वावर चालल्या.

त्याच सुमारास एक दुर्दैवी घटना घडली. मोटार-उद्योजक बायरन कार्टर यांनी वाटेत बंद पडलेली एका महिलेची गाडी सुरू करून देण्यासाठी हँडल फिरवले, ते उलटून त्यांच्या जबड्यावर बसले आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत, असे सांगितले जाते. कार्टर १९०८ साली वारले. मित्राच्या मृत्यूने व्यथित झालेले कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला आणि ते काम केटरिंग यांच्याकडे आले.

इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर आणि तिची बॅटरी गाडीत मावणारच नाही, असे अनेक जाणकारांचे मत होते. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवली. इंजिनाला काही सेकंद गती द्यायची, एवढेच तर काम होते. एकच यंत्र सुरुवातीला मोटर म्हणून इंजिन फिरवील आणि इंजिन चालू झाल्यावर जनित्र बनून बॅटरी भरील, अशी रचना त्यांनी केली. फेब्रुवारी १९११ मध्ये ती सिद्ध झाली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेवर सुरू होण्याची, ठिणगीची आणि दिव्यांची सोय एकत्र आली. ज्यांना हँडल फिरवणे झेपत नव्हते अशा स्त्रिया आणि वृद्ध आता इतरांच्या मदतीवाचून गाडी बाहेर काढू लागले.

इंधनाची वाफ हा विषय मात्र त्यांची पाठ सोडीना. शेतघरांसाठी त्यांनी बनवलेल्या केरोसीनवरील वीजसंचात इंजिन ठोके देई. बर्फाखाली फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. तो रंग उष्णता शोषत असावा, तेव्हा केरोसीन लाल केले तर त्याचीही वाफ लवकर होईल, असा तर्क त्यांनी लढवला. सहकारी थॉमस मिजली यांनी आयोडीन मिसळून पाहिले आणि ठोके कमी झाले. पण इतर लाल रंगांनी काहीच साधले नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. तर्क चुकला, तरी वाट सापडली. त्याच वाटेवर डिसेंबर १९२१ मध्ये पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लागला.

केटरिंग यांच्या चरित्रातील काळी बाजूही हीच आहे. शिसे विषारी असते, हे त्या काळी ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या पाच कामगारांचा विषबाधेने मृत्यू झाला. तरीही विक्री थोड्याच काळापुरती थांबली. हे इंधन विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. त्या शिशाची किंमत पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या मुलांनी मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाची धुरा त्यांनी १९४७ पर्यंत वाहिली. रेल्वेसाठी हलके आणि समर्थ डिझेल इंजिन घडवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह यांना कर्करोगानेच नेले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, डेटन येथे केटरिंग यांचे निधन झाले.

जुनी अ‍ॅम्बॅसडर किंवा फियाट जपणाऱ्यांना आजही त्यांची भेट घडते. सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा जाणता मिस्त्री आधी बॅटरी पाहतो. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटमधील फट तपासतो, ठिणगी पडते का ते बघतो, आणि त्यानंतरच चोक व कार्बोरेटरकडे वळतो. पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजले असतील, तर ते पुसून कोरडे करतो. यातील बॅटरीपासून ठिणगीपर्यंतचा सारा मार्ग केटरिंग यांनी त्या कोठारात आखला होता. अ‍ॅम्बॅसडरच्या मागच्या डिकीत मात्र हँडल असायचेच. बॅटरीने दगा दिला, की शेवटी त्याचाच आधार असे.